हिरवा दिवा गेला

पिंपळगाव बसवंतच्या एका द्राक्ष पॅकहाउसमध्ये मी निर्यातीची कागदपत्रं बघते. नाशिकहून रोज जाऊन-येऊन. एम.ए. इंग्रजीत केलंय, त्यामुळे इंग्रजीतला प्रत्येक कागद माझ्याच टेबलावर येतो.

हंगामाआधी कूलिंगवाल्यांनी चार पानी सूचनापत्रक दिलं. ऑपरेटरांसाठी त्याचं मराठी मी एका दुपारीत केलं. त्यात वाक्य होतं, 'व्हेन द ग्रीन लॅम्प गोज ऑफ, द अलार्म गोज ऑफ.' मी लिहिलं, 'हिरवा दिवा गेला की अलार्म बंद होतो.' बोर्ड लागला.

फेब्रुवारीत एका रात्री अडीचला शीतगृहाचा कॉम्प्रेसर ट्रिप झाला, म्हणजे आपोआप बंद पडला. दिवा गेला, सायरन वाजू लागला. रात्रपाळीच्या काकांनी बोर्ड वाचला. बोर्डाप्रमाणे सायरन गप्प हवा होता, म्हणून त्यांनी म्यूटचं बटण दाबलं आणि लॉगबुकात लिहिलं, 'सायरन खराब, सकाळी इलेक्ट्रिशियनला सांगणे.' साडेतीनच्या नोंदीला चेंबर ५ अंशांवर दिसलं, तेव्हा त्यांनीच धावत जाऊन दुसरा कॉम्प्रेसर लावला.

० वरून ५ म्हणजे बाहेरच्याला काहीच वाटणार नाही. पण थंड मण्यांवर ऊबदार हवा आली की दव धरतं. पेटीत ओल आली की बुरशी लागू नये म्हणून ठेवलेला सल्फर डायऑक्साइडचा पॅड एकदम जास्त वायू सोडतो आणि देठाजवळचे मणी पांढुरके पडतात. सकाळी आम्ही पॅलेटमागून पॅलेट उघडत होतो, मण्यात थर्मामीटरची सुई खुपसत होतो, घड उजेडात धरून देठ बघत होतो. न्हावाशेव्याला जायचा कंटेनर एक दिवस थांबला.

साहेब काकांना मेमो द्यायला निघाले होते. काका एवढंच म्हणाले, "ताई, बोर्डावर होतं तसंच केलं." बोर्ड माझा आहे, हे मी साहेबांना तिथेच सांगितलं. मेमो निघाला नाही. पण इंग्रजी येतं म्हणजे भाषांतर येतं, ते कुणी तपासायला नको, हा समज ऑफिसात आजही तसाच आहे.

दिवा 'गोज ऑफ' म्हणजे विझतो, अलार्म 'गोज ऑफ' म्हणजे वाजायला लागतो. दूध 'गोज ऑफ' म्हणजे नासतं, बंदूक सुटते, माणूस निघून जातो, आणि एखाद्या पदार्थावरून मन उडालं तरी हेच दोन शब्द. हे सगळं मला येत होतं. परीक्षेसाठी पाठच केलं होतं, एकेक अर्थ एकेका ओळीत. दोन अर्थ एकाच वाक्यात शेजारी येतील, हे तिथे कुणी शिकवलं नाही. 'ऑफ' आणि 'ऑव्ह' मूळचे एकच, अर्थ 'पासून दूर'. गोळी सुटते तसा अलार्म सुटतो, असं मी आता मनात धरते.

मराठीत तरी काय वेगळं आहे? दिवा लागला म्हणजे पेटला, दार लागलं म्हणजे मिटलं. आपण अडखळत नाही, कारण दिवा आणि दार दोन्ही डोळ्यांसमोर असतात. त्या दुपारी माझ्यासमोर फक्त कागद होता. पन्नास पावलांवरच्या प्लांटरूममध्ये जाऊन मी तो सायरन एकदाही ऐकला नव्हता.

नवा बोर्ड काकांना शेजारी बसवून लिहिला: 'हिरवा दिवा विझला तर सायरन वाजेल. म्यूट करण्याआधी कॉम्प्रेसर बघा.' त्या चार पानांत 'ऑफ' अकरा ठिकाणी आहे. सात जागा प्लांटरूममध्ये उभं राहून तपासून झाल्या.