गड दाराशी, पाय घरात

साताऱ्यात राहून "व्यायामाला जागाच नाही हो" असं म्हणायची सोय नाही. माझं घर माचीपेठेत. दार उघडलं की समोर अजिंक्यतारा. पहाटे साडेपाचपासून दारावरून माणसं वर जाताना दिसतात: निवृत्त मास्तर, पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं, कानटोपी घालून मोबाईलवर भक्तिगीतं लावणारे काका. लग्न होऊन इथे आले तेव्हापासून मी ही सगळी वरात नळाखाली हंडा लावून बघत आले. गडावर जायचं ते पाहुणे आले की.

आमचं झेरॉक्सचं दुकान आहे. सकाळी साडेनऊला शटर वर, रात्री आठला खाली. सातबारा, प्रतिज्ञापत्रं, आधारच्या रंगीत प्रती, लॅमिनेशन, परीक्षेच्या दिवसांत पोरांच्या नोट्स. दिवसभर अशी तारांबळ असते की रात्री वाटायचं, आज पुष्कळ अंग हललं. भाचीनं एकदा तिचं पावलं मोजणारं घड्याळ माझ्या मनगटाला बांधून ठेवलं. मशिन ते काउंटर, काउंटर ते मशिन, सगळं मिळून तीन हजारसुद्धा भरली नाहीत. दमणं वेगळं आणि चालणं वेगळं, हे तेव्हा कळलं. (रोज दहा हजार पावलांचं जे सगळीकडे सांगतात, ते म्हणे १९६५ साली जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून आलंय. डॉक्टरांनी काढलेला आकडा नव्हे तो. हे ऐकून मला जरा बरं वाटलं.)

मग चव्वेचाळिसाव्या वर्षी तीन महिन्यांच्या साखरेचा रिपोर्ट आला. एचबीएवनसी ६.१. ही ५.७ च्या खाली असली तर ठीक, ६.५ झाली की मधुमेह, मधे असलो की आपण उंबरठ्यावर. माझ्या वडिलांनी या दुखण्यात पायाचं बोट घालवलं होतं, त्यामुळे मला घाबरवायला डॉक्टरांना काही कष्ट पडले नाहीत. त्यांनी सांगितलेली एक गोष्ट मात्र डोक्यात राहिली. अमेरिकेत माझ्यासारख्या उंबरठ्यावरच्या लोकांवर मोठा अभ्यास झाला, २००२ साली तो प्रसिद्ध झाला. एका गटाला गोळी दिली. दुसऱ्याला सांगितलं, वजन ७ टक्के उतरवा आणि आठवड्याला १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम करा. नुसत्या दिखाऊ गोळीवर ठेवलेल्या लोकांशी तुलना केली, तर खऱ्या गोळीनं मधुमेह होण्याचं प्रमाण ३१ टक्क्यांनी घटलं आणि चालणाऱ्यांच्या गटात ५८ टक्क्यांनी. आठवड्याला दीडशे मिनिटं म्हणजे पाच दिवस अर्धा अर्धा तास. संध्याकाळच्या एका मालिकेएवढं.

भाची कराडला फिजिओथेरपी शिकते. तिला फोन लावला.

"मावशी, ठरवलंयस काय?"

"दहा किलो कमी करायचं."

"ते तू करणार नाहीस. ते होईल नाहीतर नाही होणार. तू काय करणार ते सांग."

मला राग आला. पण पोरीचं बरोबर होतं. काट्यावरचा आकडा आपल्या हातात नसतो. कुणाच्या घरचं जावळ, कुणाचं डोहाळजेवण, पाळीच्या आधीचं अंगावर येणारं पाणी, सगळं त्यात उतरतं. मग आम्ही ध्येय काट्यावरून काढलं आणि रस्त्यावर ठेवलं. पहिलं, घरापासून 'चार भिंती' नावाच्या स्मारकापर्यंत न थांबता. ते जमलं की अदालत वाड्याकडून गडाच्या रस्त्याला लागायचं आणि दरवाजापर्यंत जायचं. गड गावापेक्षा काही फार उंच नाही, अडीच-तीनशे मीटर असेल, आणि डांबरी रस्ता वरपर्यंत जातो. पण चढ तो चढ. किती वेळात पोचले हे बघायचं नाही, दम खायला किती वेळा थांबले एवढंच बघायचं. वेग कसा ओळखायचा, तर चालता चालता बोलता आलं पाहिजे, गाणं म्हणता येता कामा नये. गाणं म्हणता येत असेल तर आपण रेंगाळतोय. बोलताही येत नसेल तर उगाच जोर करतोय.

हे सगळं कागदावर झकास होतं. अडचण सहा वाजता होती, कारण सहाला नळाला पाणी येतं.

मला विचाराल तर बायकांच्या व्यायामाचं निम्मं भांडण इच्छेशी नसतंच. सकाळी सहा ते सात या तासाचा मालक कोण, याच्याशी असतं. पाणी, सासूबाईंचा चहा, मुलाचा डबा, ह्यांचा डबा, हे सगळं त्याच तासात कोंबलेलं. संध्याकाळी दुकान. दुपारी कोर्टाच्या सुटीत तर श्वास घ्यायला फुरसत नाही. "मनात असलं की वेळ मिळतो" म्हणणाऱ्या माणसाच्या घरी पाणी कोण भरतं, हे एकदा विचारून बघावं.

मी ह्यांना रिपोर्ट दाखवला. म्हटलं, "आठवड्यातले पाच दिवस पाणी तुम्ही भरायचं."

"पाच?"

"दीडशे भागिले तीस."

ते एमआयडीसीत सुपरवायझर आहेत, हिशोबाला नाही म्हणत नाहीत. पहिल्या आठवड्यात पिण्याचं पाणी न गाळता माठात गेलं आणि पिंप वाहून सगळी मोरी धुऊन निघाली. मी काही बोलले नाही. सासूबाई बोलल्या, पण त्यांना बोलल्या, मला नाही. डब्याची भाजी रात्रीच चिरून ठेवायला लागले. पोळ्या परत आल्यावर.

राहिला प्रश्न लोकांचा. पेठेत सगळे ओळखीचे. पंजाबी ड्रेसवर पांढरे बूट घालून निघाले की कट्ट्यावरून हाक यायचीच, "काय वहिनी, आज कुठे?" पहिले काही दिवस मी हातात पिशवी घेऊन जायचे, म्हणजे दूध आणायला निघाल्यासारखं दिसावं.

आपल्याकडे कुणी व्यायामाचा विषय काढला की लगेच मोठी नावं येतात. जिल्ह्यातच आहेत म्हणा तशी. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकीत कुस्तीचं पदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ ला रिओत तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली, दहावी आली. शाळेच्या स्नेहसंमेलनात हे ऐकताना अंगावर काटा येतो. पण त्या काट्यानं सकाळी बुटात पाय जात नाही. माझा पाय बुटात गेला तो वरच्या वळणावर रोज भेटणाऱ्या एका आजींमुळे. सत्तरीच्या पुढच्या. नऊवारीखाली कॅन्व्हासचे बूट, नाड्या बांधलेल्या नाहीत, आत खोचलेल्या. चढताना त्या मधेच उभ्या राहून कमरेवर हात ठेवायच्या आणि पूर्वेला जरंडेश्वराच्या डोंगराकडे तोंड करून चांगल्या मोठ्यानं "हुश्श" करायच्या. कुणाला लाजायचं कारणच नव्हतं त्यांना. दोन दिवस मी दिसले नाही तर तिसऱ्या दिवशी म्हणायच्या, "का गं, नळाला पाणी आलं नव्हतं का?" आमच्या घरचं पाणीप्रकरण त्यांना कुणी सांगितलं, देव जाणे.

चार भिंती लवकर जमलं. दरवाजाला वेळ लागला. मी मनात ठाणी ठरवली होती: पहिलं मोठं वळण, मग गाव पहिल्यांदा सगळं दिसतं तो कठडा, मग चढ जरा सैल होतो तिथलं झाड, मग दरवाजा. सुरुवातीला प्रत्येक ठाण्यावर थांबायचे. मग झाडापाशी थांबणं सुटलं, मग वळणावरचं. कठड्यापाशी मात्र अजूनही थांबते, दमले नसले तरी.

दुकानातही थोडं केलं. भाची म्हणाली, नुसतं चालून भागत नाही, आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना ताण पाहिजे, नाहीतर पन्नाशीत जिना चढताना गुडघे बोलतील. वेगळा वेळ काढणं शक्यच नव्हतं. चाळीस-पन्नास पानांची फाईल पाठपोट काढायला मशिन जो वेळ घेतं, त्यात टाचा उचलायच्या, काउंटरला धरून बैठका मारायच्या. कागदाच्या रिमा वरच्या फळीवर ठेवायला पूर्वी मी समोरच्या चहावाल्याच्या पोराला हाक मारायचे. आता मीच ठेवते, एका वेळी दोन. एक वकीलसाहेब म्हणाले, "ताई, मशिन बिघडलंय का? नाचताय का?" म्हटलं, साहेब, तुमचीच फाईल आहे, लांबलचक आहे.

पुढच्या खेपेला साखर ५.८ आली. वजन जेमतेम तीन किलो उतरलं होतं, पण कमरेची टेप बरंच काही सांगत होती. (आपल्या बायकांना ८० सेंटिमीटरची हद्द सांगतात, पुरुषांना ९०. मी अजून हद्दीच्या आत नाही, जवळ आहे.) घरात सगळे खूश. ह्यांनी कंदी पेढे आणले, आता काय बोलणार.

आणि त्याच आठवड्यात माझं जाणं थांबलं.

आळस नव्हता. पाऊसही नव्हता. डोळे पाच वाजता उघडायचे आणि मी पडून राहायचे. मागाहून नीट बघितल्यावर दिसलं, मी इतके महिने भीतीवर चालत होते. वडिलांचं बोट डोळ्यांपुढे होतं तोवर पाय उचलले जात होते. रिपोर्टनं भीती काढून घेतली आणि तिच्याबरोबर चालणंही गेलं. घाबरून सुरू होतं खरं. घाबरून चालू राहत नाही.

मला तर वाटलं होतं, सवय लागलीय. एकवीस दिवसांत सवय लागते असं जो तो सांगतो. भाची म्हणाली, लंडनमध्ये लोकांना रोजची एक नवी गोष्ट करायला लावून मोजलंय, सरासरी ६६ दिवस लागले, आणि माणसागणिक फरक किती, तर १८ पासून २५४ पर्यंत. त्यातच हेही दिसलं की एखादा दिवस चुकला म्हणून सगळं मुसळ केरात जात नाही. ही दुसरी गोष्ट मला जास्त उपयोगी पडली. आपल्याकडे उपास एकदा मोडला की दिवसभर खायचं, असा कारभार असतो.

परत गेले ती साखरेसाठी नाही. दुकानात एक दिवस फार गर्दी होती, कुठल्याशा योजनेच्या अर्जाची शेवटची तारीख, प्रत्येकाला आधी पाहिजे, "ताई माझं", "ताई दोन प्रती", "ताई फोटो चिकटवून द्या ना". संध्याकाळी शटर ओढताना डोक्यात एकच गोष्ट आली, कठडा. तिथे उभं राहिल्यावर कुणी ताई म्हणत नाही, वहिनी म्हणत नाही, आई म्हणत नाही. खाली राजवाडा, पोवई नाका, माझ्या दुकानाची गल्ली, सगळं दिसतं आणि कुणालाही माझ्याकडून काही नको असतं. त्या पाऊण तासासाठी मी चालते. तब्येत ही त्यावरची वरकड कमाई. डॉक्टरांना हे सांगितलं तर ते हसले, पण त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं.

हे कारण ऐकायला चांगलं नाही, जरा आपमतलबीच आहे. पण टिकलंय. जुलै-ऑगस्टात गड ढगात असतो, दगड शेवाळलेले असतात, तेव्हा मी चढत नाही. माचीपेठेतनं राजवाड्यापर्यंत छत्री घेऊन फेऱ्या मारते. कठडा नाही त्यामुळे मजा नाही, पण छत्रीखाली फारसं कुणी बोलवत नाही, तेही चालतं.

शेजारच्या वहिनींनाही साखरेनं गाठलंय. त्यांनी विचारलं, "तुम्हाला एवढा उत्साह येतो कुठून?" मी त्यांना माझं कारण सांगितलं नाही. त्यांना एकटं राहणं आवडतच नाही, बोलायला माणूस लागतं. त्यांना मी त्या आजींच्या वेळेला न्यायला लागले. दोघींचं जमलंय. त्या दोघी बोलत मागे राहतात आणि मी पुढे निघून जाते.

सप्टेंबरात साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन असते. बाहेरगावचे हजारो लोक येऊन आपल्या यवतेश्वरच्या घाटात २१ किलोमीटर धावतात, आणि आम्ही समर्थ मंदिरापाशी उभं राहून टाळ्या वाजवतो. धावायचं माझ्या मनात नाही, गुडघ्यांना विचारलं तर त्यांच्याही नाही. पण तो घाट पायी चढून यवतेश्वराचं दर्शन घेऊन पायीच उतरायचं, एवढं ठरवलंय. कासची गर्दी ओसरली, गाड्या कमी झाल्या की एखादा रविवार धरायचा. वहिनी येते म्हणाल्यात, खाली उतरल्यावर पिठलं-भाकरी पाहिजे या अटीवर. निघायचं तर पाच वाजता निघावं लागेल आणि परतायला दहा वाजतील. रविवार काही त्या पाच दिवसांत धरलेला नाही, तेव्हा पाण्याचा विषय पुन्हा निघालाय. ह्यांनी अजून हो म्हटलेलं नाही.