आयटी आर्किटेक्टचे प्रमाणपत्र : अर्जापासून मुलाखतीपर्यंत

इमारतींचे आराखडे करणाऱ्या आर्किटेक्टला बहुतेक देशांत कायद्याने नोंदणी करावी लागते. आयटी आर्किटेक्टवर तसे कोणतेही बंधन नाही. कुठे हे पदनाम अनुभवी डेव्हलपरला दिलेले असते, कुठे विक्रीच्या बैठकांत तांत्रिक बाजू मांडणाऱ्याला, तर कुठे संपूर्ण संस्थेच्या संगणकीय प्रणालींची रचना ठरवणाऱ्याला. त्यामुळे एका कंपनीतला आर्किटेक्ट दुसऱ्या कंपनीत गेला की त्याचे काम नेमके काय होते, हे नव्याने समजावून सांगावे लागते. या पदावर काही वर्षे काम केल्यावर, ज्यांचा माझ्या बढतीशी किंवा माझ्या प्रकल्पाशी काहीही संबंध नाही अशा जाणकारांनी माझे काम तपासावे, असे मला मनापासून वाटू लागले. त्या इच्छेतून मी ओपन ग्रुप या तंत्रज्ञानाची मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या आर्किटेक्ट प्रमाणपत्रासाठी अर्ज केला. तो अनुभव येथे सविस्तर लिहीत आहे, कारण या प्रक्रियेत खरोखर काय तपासले जाते याविषयी अर्जदारांच्या मनात बराच गोंधळ असतो.

गोंधळाचे पहिले कारण म्हणजे टोगॅफ. ओपन ग्रुप हीच संस्था टोगॅफ ही आर्किटेक्चरची पद्धती प्रसिद्ध करते आणि त्या पद्धतीची परीक्षाही घेते. त्या परीक्षेच्या पहिल्या भागात ४० बहुपर्यायी प्रश्न असतात. दुसऱ्या भागात प्रसंग देऊन विचारलेले आठ प्रश्न असतात, त्यांत सर्वोत्तम उत्तराला पाच, त्याखालच्याला तीन, त्यानंतरच्याला एक आणि चुकीच्या पर्यायाला शून्य गुण मिळतात, आणि पुस्तक उघडून पाहण्याची मुभा असते. चांगला अभ्यास केला तर एकही मोठी प्रणाली न उभारलेला माणूस ती परीक्षा उत्तीर्ण होऊ शकतो, आणि त्यात वावगे काही नाही, कारण ती परीक्षा ज्ञानाची आहे. संस्थेने २००५ मध्ये सुरू केलेला आणि पुढे ‘ओपन सीए’ या नावाने ओळखला जाऊ लागलेला आर्किटेक्ट प्रमाणपत्राचा कार्यक्रम वेगळा आहे. त्यासाठी कोणताही अभ्यासक्रम पूर्ण करावा लागत नाही, विशिष्ट पद्धती वापरलीच पाहिजे असा आग्रह नसतो, आणि लेखी परीक्षाही नसते. अर्जदाराने प्रत्यक्ष केलेले काम निकषांनुसार लिहून द्यायचे आणि आधीच प्रमाणित असलेल्या आर्किटेक्टांच्या मंडळापुढे त्याविषयी मुलाखत द्यायची. ज्या कंपन्यांच्या अंतर्गत कार्यक्रमाला ओपन ग्रुपची मान्यता आहे, त्यांचे कर्मचारी आपल्याच कंपनीच्या मंडळापुढे जाऊ शकतात. माझ्यापुढे तो मार्ग नव्हता, म्हणून मी थेट अर्ज केला. कार्यक्रमात तीन पातळ्या आहेत : सर्टिफाइड, मास्टर आणि डिस्टिंग्विश्ड. मी पहिल्या पातळीसाठी अर्ज केला.

अर्जाचा गाभा म्हणजे ‘पॅकेज’. अनुभवी माणसाला वाटते की आपला बायोडेटा थोडा वाढवला की ते तयार होईल. तसे होत नाही. बायोडेटा आपण कुठे होतो ते सांगतो. पॅकेजमध्ये आपण काय ठरवले, कोणत्या परिस्थितीत ठरवले आणि त्याचे पुढे काय झाले, हे प्रत्येक निकषासमोर मांडावे लागते. संबंधित लोकांच्या गरजा समजून घेणे, तंत्रज्ञानाचे पर्याय तोलणे, आराखडा मांडणे, तो लोकांना पटवून देणे, अंमलबजावणीत तो टिकवणे, धोके ओळखणे, सहकाऱ्यांना घडवणे अशी ही कौशल्यांची यादी असते. प्रत्येक ठिकाणी उदाहरण प्रत्यक्ष घडलेले हवे आणि त्यातला अर्जदाराचा स्वतःचा वाटा स्पष्ट दिसायला हवा. ‘टीमने नवी प्रणाली यशस्वीपणे कार्यान्वित केली’ हे वाक्य कितीही खरे असले तरी मंडळाच्या दृष्टीने त्यात अर्जदाराविषयी काहीच माहिती नसते. मोठ्या कामात अनेकांचे हात लागलेले असताना स्वतःचा वाटा वेगळा काढून लिहिणे संकोचाचे वाटते हे मला मान्य आहे. परंतु मंडळाला एका व्यक्तीविषयी निर्णय द्यायचा असतो, आणि तो देण्यापुरती माहिती त्याला पुरवणे हे अर्जदाराचेच काम आहे.

मी पॅकेजसाठी तीन प्रकल्प निवडले. निवडताना सर्वांत मोठ्या बजेटचे किंवा सर्वांत नव्या तंत्रज्ञानाचे प्रकल्प घेण्याचा मोह बाजूला ठेवावा, असे माझे ठाम मत आहे. ज्या प्रकल्पात दोन रास्त गरजा एकमेकींच्या आड आल्या आणि त्यांतून वाट काढण्याची जबाबदारी आपल्यावर होती, तोच प्रकल्प घ्यावा. माझ्या पॅकेजमधला एक प्रकल्प विमा दाव्यांचा होता. ग्राहकाला आपल्या दाव्याची स्थिती दिवसरात्र केव्हाही वेबसाइटवर दिसावी, अशी विमा कंपनीची मागणी होती, आणि उपलब्धतेचे उद्दिष्ट ९९.९ टक्के ठरले होते. हा आकडा ऐकायला सोपा वाटतो, पण त्याचा अर्थ वर्षभरात एकूण सुमारे पावणेनऊ तासच सेवा बंद राहू शकते. दाव्यांची मूळ प्रणाली मात्र अनेक वर्षे जुनी होती आणि रात्रीची बॅच, म्हणजे साठलेल्या नोंदींवरची एकत्रित प्रक्रिया, चालू असताना ती रोज तीन तास कोणालाही उत्तर देत नसे. नवी वेबसाइट थेट त्या प्रणालीला विचारून माहिती दाखवू लागली असती, तर बाकी सर्व काही बिनचूक चालूनही उपलब्धता ८७.५ टक्क्यांपलीकडे गेली नसती. शिवाय साखळीत एकामागून एक तीन घटक आले आणि प्रत्येकाची उपलब्धता ९९.९ टक्के असली, तरी एकत्रित आकडा ९९.७ टक्क्यांवर येतो, म्हणजे वर्षाला सुमारे २६ तास. हे गणित कागदावर मांडून दाखवेपर्यंत बैठकीतली चर्चा ‘चांगला सर्व्हर घेऊ’ याच्या पुढे जात नव्हती.

पर्याय तीन होते. थेट जोडणीचा पर्याय गणितानेच बाद झाला. जुनी प्रणाली नव्याने लिहून काढण्याचा पर्याय तांत्रिकदृष्ट्या सर्वांत स्वच्छ होता. परंतु तिच्यात वर्षानुवर्षे साठलेले नियम कुठेही लिहिलेले नव्हते, आणि ते शोधून काढताना चालू दाव्यांना धोका पोहोचला असता. तिसरा पर्याय म्हणजे मूळ डेटाबेसमध्ये होणारे बदल टिपून ते क्यूमार्फत, म्हणजे संदेशांच्या रांगेतून, एका स्वतंत्र डेटाबेसमध्ये आणायचे आणि वेबसाइटने फक्त ती प्रत वाचायची. मी हा पर्याय सुचवला. त्याची किंमत अशी की ग्राहकाला दिसणारी माहिती काही मिनिटे जुनी असू शकते. ही किंमत तांत्रिक विभागाने परस्पर मान्य करण्यासारखी नव्हती. म्हणून दावे विभागाच्या प्रमुखांसमोर तो प्रश्न मांडला, त्यांनी किती विलंब चालेल ते ठरवले आणि बैठकीच्या इतिवृत्तात ते नोंदवले गेले. त्याबरोबर दोन नियम केले : पानावर माहिती किती वाजेपर्यंतची आहे ते नेहमी दिसेल, आणि पैसे अदा करण्याचा कोणताही निर्णय या प्रतीवरून होणार नाही, तो मूळ नोंदीवरूनच होईल.

हा प्रसंग पॅकेजमध्ये लिहिताना निवडलेल्या पर्यायापेक्षा नाकारलेल्या पर्यायांनी जास्त जागा घेतली, आणि तेच योग्य होते. निवडलेला पर्याय आकृतीत दिसतोच. तो का निवडला हे मात्र नाकारलेल्या पर्यायांशिवाय सांगता येत नाही. आमच्या प्रकल्पात महत्त्वाच्या प्रत्येक निर्णयाची एक पानाची नोंद ठेवण्याची पद्धत होती : संदर्भ काय होता, निर्णय काय झाला, परिणाम काय होतील. अशा नोंदींचा फार मोठा उपयोग झाला. काही वर्षांनी आठवणीवर विसंबून लिहिलेली कारणे आपोआप सुबक होतात, त्या वेळची खरी अडचण त्यांतून निसटते, आणि मुलाखतीत दोन प्रश्न खोल गेले की ते उघडे पडते. ज्यांना पुढे कधीतरी अर्ज करायचा आहे त्यांनी आजच्या प्रकल्पातल्या नोंदी आजच नीट ठेवाव्यात, एवढी कळकळीची विनंती मी करते.

गोपनीयतेचा प्रश्न अनेक अर्जदारांना अडवतो आणि तो खराही आहे. ग्राहक कंपनीशी झालेल्या करारामुळे नाव, आकृत्या, आकडेवारी सहजासहजी बाहेर देता येत नाही. मी संबंधितांची लेखी परवानगी घेतली, कंपनीचे नाव काढून ‘एक विमा कंपनी’ असे लिहिले, आणि प्रणालींची अंतर्गत नावे बदलली. मात्र नावे झाकताना आशयही झाकला जाणार नाही, याची काळजी घ्यावी लागते. नावाशिवाय निर्णय समजतो, पण भार किती होता, उद्दिष्ट काय होते, बंधन कोणते होते हे काढून टाकले तर मंडळाच्या हाती काहीच उरत नाही. शिफारसपत्रांचेही तसेच आहे. मोठ्या पदावरच्या व्यक्तीचे कौतुकाने भरलेले पत्र मिळवण्यापेक्षा, ज्या व्यक्तीने आपल्याला निर्णय घेताना प्रत्यक्ष पाहिले आहे तिने लिहिलेले पत्र कितीतरी मोलाचे असते. माझ्यासाठी दावे विभागातल्या ज्या अधिकाऱ्यांनी पत्र दिले, त्यांनी तंत्रज्ञानाविषयी एक शब्दही लिहिला नव्हता. विलंबाचा प्रश्न त्यांच्यासमोर त्यांना समजेल अशा भाषेत ठेवला गेला आणि निर्णय त्यांच्यावर लादला गेला नाही, एवढेच त्यांनी लिहिले होते.

पॅकेज पाठवण्याआधी ते मी आमच्या क्षेत्रातल्या एका ज्येष्ठ सहकारी बाईंना वाचायला दिले. त्यांनी मजकुराच्या कडेला ठिकठिकाणी एकच प्रश्न लिहून परत पाठवले : ‘हे कशावरून?’ एखाद्या ठिकाणी ‘कामगिरीत लक्षणीय सुधारणा झाली’ असे असेल तर सुधारणा कुठे मोजली, आधी किती होती, नंतर किती झाली, हे त्यांना हवे होते. त्या वाचनानंतर पॅकेज आखूड झाले आणि पुष्कळ ठोस झाले. पाने मर्यादित असल्यामुळे विशेषणे काढून टाकली की पुराव्यासाठी आपोआप जागा होते.

मुलाखतीसाठी मंडळात तीन सदस्य होते आणि प्रत्येक जण माझ्याशी सुमारे तासभर स्वतंत्रपणे बोलला. तिघांनीही पॅकेज बारकाईने वाचलेले होते. मनावर दडपण होते, हे खरे. पण पहिल्या काही मिनिटांतच संभाषणाला दोन सहकाऱ्यांच्या चर्चेचे रूप आले. पाठ केलेली व्याख्या कोणीही विचारली नाही. पहिल्या सदस्यांनी विमा दाव्यांच्या आकृतीतल्या क्यूवर बोट ठेवले आणि विचारले, “रात्रीची बॅच संपताना हजारो बदल एकदम येतील, तेव्हा प्रत मागे पडेल. त्या वेळी ग्राहकाला काय दिसेल?” मान्य केलेल्या मर्यादेपेक्षा जास्त विलंब झाला तर पान जुनी स्थिती दाखवत नाही, माहिती अद्ययावत होत असल्याची सूचना दाखवते, असे मी सांगितले. लगेच पुढचा प्रश्न आला, “म्हणजे तेवढा वेळ सेवा उपलब्ध आहे की नाही? तुमच्या ९९.९ टक्क्यांत तो वेळ कसा मोजला?” आम्ही तो वेळ सेवा बंद असल्याप्रमाणेच मोजत होतो आणि म्हणूनच बॅचचे बदल गटागटाने पाठवण्याची व्यवस्था पुढे केली, हे मी आकड्यांसह मांडले. दुसऱ्या सदस्यांना तंत्रापेक्षा माणसांत रस होता : जुनी प्रणाली सांभाळणाऱ्या टीमचा या योजनेला विरोध होता का, तो कसा हाताळला, ज्यांना मी मार्गदर्शन केले ते आज कोणते निर्णय स्वतंत्रपणे घेतात. तिसऱ्यांनी विचारले की, जुनी प्रणाली नव्याने लिहिण्याचा नाकारलेला पर्याय आज पुन्हा समोर आला तर मी काय करीन. या प्रश्नाचे उत्तर मी तयार करून आलेले नव्हते. प्रत तयार करण्याच्या कामात जुन्या प्रणालीतले बरेच अलिखित नियम उजेडात आले होते, त्यामुळे आता ती टप्प्याटप्प्याने बदलणे शक्य आहे, असे मी बोलता बोलता मांडले, आणि त्यावर आमची बराच वेळ चर्चा झाली. त्या दिवसातला मला सर्वांत आवडलेला भाग तोच.

काही काळाने निकाल आला आणि प्रमाणपत्र मिळाले. मला त्याचा मनापासून आनंद झाला. निकालासोबत मंडळाचे अभिप्रायही होते. गरजांची मांडणी आणि पर्यायांची तुलना त्यांना समाधानकारक वाटली होती. आराखडा ठरल्यानंतर अंमलबजावणीत तो किती पाळला गेला याचे पुरावे अधिक भक्कम हवेत, असे त्यांनी नोंदवले होते. हा अभिप्राय मला पूर्णपणे पटतो. पुढच्या, म्हणजे मास्टरच्या पातळीवर नेतृत्वाची जबाबदारी अधिक कडकपणे तपासली जाते आणि तेथे हाच भाग निर्णायक ठरेल. म्हणून सध्याच्या प्रकल्पात आराखड्यापासून दूर जाणारा प्रत्येक बदल कोणी मागितला, का मान्य केला आणि तो केव्हा परत तपासायचा, याची नोंद निर्णयांच्या नोंदींशेजारीच ठेवण्याचे आम्ही सुरू केले आहे. दर महिन्याच्या आढावा बैठकीत ती यादी सर्वांत आधी वाचली जाते, आणि नुकतेच टीममध्ये आलेले दोन आर्किटेक्ट ती स्वतः लिहितात.