परत आलेलं पोतं : आमची वाटचाल

नागपूरच्या इतवारीत वडिलांचं काष्ठौषधींचं दुकान. हिरडा, बेहडा, आवळकाठी, अर्जुनाची साल. पण गल्ला भरायचा तो बिजाच्या, म्हणजे बिवळ्याच्या लाकडाच्या पेल्यांवर. रात्री पाणी भरून ठेवायचं, सकाळी ते तांबूस होतं आणि उजेडात धरलं की निळसर झाक मारतं. गिऱ्हाईक तिथंच हरखायचं.

दुकान हाती आल्यावर मी पहिला शहाणपणा केला. अख्खी साल कोण निवडत बसेल, म्हणून अर्जुनाची तयार पावडर स्वस्तात उचलली. महालातल्या वैद्यबुवांनी पोतं परत पाठवलं. म्हणाले, "बाबू, हा ऐन दिसतो."

मग मला घेऊन नाल्याकाठी गेले. अर्जुनाची साल गुळगुळीत, पांढुरकी, पापुद्रे सुटणारी. ऐनाची काळपट, मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली. उभं झाड पोरसोरही ओळखेल. पण दोन्ही टर्मिनॅलिया या एकाच वंशातली, दोन्हीत टॅनिन हे तुरट द्रव्य. दळल्यावर रंग तांबूस आणि जिभेला तुरटच. अर्जुनाचा क्षीरपाक, म्हणजे दुधात उकळलेला काढा, हृदयासाठी देतात, तिथं ऐन देऊन कसं चालेल? त्या दिवसापासून विकतची पावडर बंद. साल अख्खीच येते, निवडून मग दळण.

साल आणणाऱ्यांनाही एक अट घातली. बुंध्याची एकाच बाजूची, फार तर पाव भाग काढायची, आतल्या कोवळ्या थराला धक्का नाही. पुढच्या खेपेला दुसरी बाजू. गोल सोललं की पानांत तयार झालेलं अन्न मुळांपर्यंत पोचत नाही, झाड वाळतं. अशा सालीला आम्ही भाव जास्त देतो. घरी यावरून अजून कुरबुर होते, ती रास्तही आहे.

बिजाचं मात्र जमेना. त्याचं टेरोस्टिल्बीन हे औषधी मानलं जाणारं द्रव्य असतं गाभ्यात, आणि गाभा म्हणजे झाड आडवं. आधी 'मधुमेह हमखास बरा' ही पेल्यांवरची जुनी पाटी उतरवली. १९५४ च्या कायद्यानं तशी जाहिरात करताच येत नाही, हे आम्हाला फार उशिरा कळलं. दोन वर्षांनी पेलेही बंद केले. उलाढाल चांगलीच घसरली. ती हिरड्या-बेहड्यानं हळूहळू भरून काढली. फळं वेचायला कुऱ्हाड लागत नाही.

शेवटच्या पेल्यात आता बिलबुकाची पेनं असतात. वैद्यबुवा मात्र अजूनही पोतं उघडून सालीचा एक तुकडा मोडून बघतात, मगच पैसे देतात.