मसाई पठारावरची राख

गेल्या रविवारी सकाळी मसाई पठारावर गेलो होतो, पन्हाळ्यावरनं पुढं गेलं की आलंच, आणि वर पोचलो तर अर्धंअधिक पठार काळंठिक्कर. वणवा. राख अजून कोमट होती, चालताना पायाखाली करकर वाजत होती. एका खळगीत टिटवीची चार अंडी दिसली, दोन तडकलेली आणि दोन पार काळी पडलेली, आणि ती टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालत होती. मला तिथं उभंच राहवेना.

जंगल म्हटलं की आपल्याला दाजीपूर आठवतं. बरोबरच आहे, १९५८ ला गव्यांसाठी ते राखलं, आज तेच राधानगरी अभयारण्य म्हणून ३५१ चौरस किलोमीटर आहे, २०१२ ला जागतिक वारसा यादीत गेलं. पण हे उघडं कातळ कुणाला जंगल वाटतच नाही हो. मसाई पठार पण संवर्धन राखीव म्हणून जाहीर झालंय, तरी काडी लावणाऱ्याला ते माळरानच. इथं माती बोटभर, तिच्यात कस नाही, म्हणून तर पावसाळ्यात सीतेची आसवं न् दवबिंदू ही इवलीशी झाडं किडे पकडून जगतात! एवढीशी निळी-जांभळी फुलं, गुडघे टेकून बघावी लागतात.

उतरताना शेरडं घेऊन बसलेले एक मामा भेटले. म्हणाले, "पेटवलं की गवात चांगलं फुटतंय, आमचा आजा बी पेटवायचा." मी म्हटलं मामा, कोंब लवकर दिसतात हे खरं, पण झुडपांची रोपं जळून जातात, आग सोसणारं गवतच तेवढं उरतं, आणि उघडी पडलेली माती वळवाच्या पहिल्या झोडपीत खाली वाहून जाते. मामा जरा वेळ गप्प बसले. मग स्वतःच म्हणाले, "कुसळीच लई झालीया हल्ली. एकदा वाळली की जनावर तोंड लावत न्हाई."

मला हेच पाहिजे होतं, त्यांच्या तोंडनं.

आता पुढच्या डिसेंबरात, गवत वाळायच्या बेताला, आम्ही पाच-सहाजण वनखात्याला विचारून जाळरेषा, म्हणजे आग पुढं सरकू नये म्हणून गवत काढलेला पट्टा, काढायला जाणार आहोत. वारं कुठल्या अंगानं वर चढतं आणि आग पहिली कुठं लागते हे मामा दाखवणार आहेत. खुरपी-विळे आणा म्हणाले, भाकरी त्यांच्याकडं.