छत्रूला सापडलेला हर्णैचा गंज

अटल बोगद्याचे नऊ किलोमीटर संपले की पाऊस मागे राहतो आणि हिमाचलमधल्या लाहौलचं कोरडं ऊन अंगावर येतं. तिथून कोकसर, मग ग्रम्फू. ग्रम्फूला मनालीचा जुना रस्ता सुटतो आणि स्पितीतल्या काझाची वाट चंद्रा नदीला बिलगून दगडगोट्यांतून चालू लागते. गाडीत आम्ही तिघं: मी, बायको आणि मामा. मामांनी सगळी नोकरी एसटीच्या कार्यशाळेत इलेक्ट्रिशियन म्हणून केली. स्पिती बघायची त्यांची फार जुनी इच्छा.

छत्रूच्या पुढे दुपारी दोनच्या सुमारास एक नाला आडवा आला. वरचं बर्फ उन्हाने वितळतं, त्यामुळे इथले नाले सकाळी घोट्याएवढे आणि दुपारी गुडघ्याच्या वर असतात. मी फोर बाय फोरचं बटण टू-हायवरून (ताकद फक्त मागच्या दोन चाकांना) फोर-हायवर (ताकद चारही चाकांना) फिरवलं. डॅशबोर्डवरचा दिवा स्थिर होईना, नुसता लुकलुकत राहिला. गाडी हातभर पुढे-मागे करून पाहिली, कारण कधीकधी आतले दात समोरासमोर येऊन अडतात. मग न्यूट्रल करून, क्लच दाबून फोर-लो, म्हणजे चारही चाकं कमी वेगाच्या, जास्त जोराच्या गिअरवर. तेच. मागच्या दोन चाकांच्या भरवशावर त्या पाण्यात शिरायचं नाही, हे मामांनी एका शब्दात सांगितलं: "फिरव."

छत्रूच्या ढाब्याशेजारी तंबूत मुक्काम ठरला. मोबाइलला रेंज नव्हती. मामांनी चहा घेतला आणि म्हणाले, "आता कान दे. मी बटण फिरवतो, तू खाली झोप."

गाडीखाली ट्रान्सफर केसला, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या पेटीला, चिकटलेली मुठीएवढी मोटर असते. पूर्वी लिव्हरने जे काम हात करायचा, ते ती करते: आतला दांडा फिरवते आणि पुढच्या चाकांना ताकद जोडली जाते. दांडा नेमका कुठे आहे, हे मोटरच्याच अंगातला सेन्सर कंट्रोल युनिटला कळवतो. युनिट करंट सोडतं, काही सेकंद वाट बघतं आणि दांडा हलल्याची खबर आली नाही, तर करंट तोडून दिवा लुकलुकवतं. म्हणजे दिवा फक्त 'काम झालं नाही' एवढंच सांगतो. का झालं नाही, ते आपण शोधायचं.

रिलेची, म्हणजे मोटरला करंट सोडणाऱ्या स्विचची, टकटक ऐकू येत होती. म्हणजे बटण ठीक, युनिट जागं. मोटरचा मात्र हुंकारही नव्हता. फ्यूज शाबूत. मी तर मोटर जळाली असं धरूनच चाललो होतो. मामांनी मोटरच्या वायरींचा जोड, म्हणजे कपलर, काढला, बॅटरीवरून फ्यूज लावलेल्या दोन वायरी आणल्या आणि मोटरच्या दोन जाड पिनांना क्षणभर टेकवल्या. घुर्र! उलट्या टेकवल्या, मोटर उलटी फिरून जागेवर आली. (हे करताना बारीक पिनांना हात लावायचा नाही. त्या सेन्सरच्या असतात, बारा व्होल्ट लागले की सेन्सर गेला. आणि वायरी धरूनही ठेवायच्या नाहीत. मोटर टोकाला अडली की तापते.)

मोटर चांगली, मग करंट वाटेत कुठे मुरतोय? युनिटच्या सप्लायवर मल्टिमीटरने १२.५ व्होल्ट दाखवले. मी समाधानाने मान हलवली, तर मामा म्हणाले, "अरे, मीटर करंट खातो किती? लोड असताना बघ." मला या सगळ्या प्रवासातून काही सांगायचं असेल, तर ते हेच आहे. मीटर जवळजवळ काहीच करंट ओढत नाही, त्यामुळे गंजलेल्या सांध्यापलीकडेही तो बारा व्होल्ट दाखवतो. पण दहा अँपिअर ओढणाऱ्या मोटरच्या वाटेत अर्धा ओहम जरी आडवा आला, तरी पाच व्होल्ट तिथेच खर्ची पडतात.

कपलर पुन्हा बसवून, मीटर टेकवायला मागून टाचणी घातली. बटण फिरवलं की मोटरवर जेमतेम ५.६ व्होल्ट. मग मीटरचं एक टोक युनिटच्या अर्थच्या, म्हणजे करंट परत नेणाऱ्या काळ्या वायरवर, दुसरं थेट बॅटरीच्या निगेटिव्हवर. इथे शून्याच्या आसपास काहीतरी दिसायला हवं. बटण फिरवताच आकडा ६.२.

ती काळी वायर हाताने चाचपत आम्ही पुढच्या चाकाच्या आत चासीवरच्या बोल्टपर्यंत पोचलो. बोल्ट घट्टच होता. पाना लावून उघडला, तर थिंबळीखाली, म्हणजे वायरच्या टोकाच्या धातूच्या कडीखाली, पांढरट-हिरवी भुकटी. मामांनी ती बोटावर घेतली आणि विचारलं, "समुद्रात नेली होतीस का रे?"

नेली होती. मे महिन्यात हर्णैला, ओल्या वाळूवर, लाटांच्या कडेकडेने. नंतर वरून धुतली, खालून नाही.

उजेड जात असताना मामांनी पॉलिश पेपरने थिंबळी आणि चासी लख्ख होईपर्यंत घासली, बोल्ट आवळला, वर ग्रीस थापलं. बटण फिरवलं. घुर्र, टक्, आणि हिरवा दिवा स्थिर. तंबूतून बायकोने टाळ्या वाजवल्या. मामा काही बोलले नाहीत, पण त्यांचा चेहरा मी विसरणार नाही.

पहाटे साडेपाचला नाला फोर-लोमध्ये सहज ओलांडला. बातल, मग वळणावळणाने साडेचार हजार मीटरच्या वर कुंझुम. सगळ्या गाड्यांसारखी आम्हीही देवीच्या मंदिराला प्रदक्षिणा घातली. लोसरला पोचल्यावर चहाच्या आधी मामांनी बॉनेट उघडायला लावलं आणि मीटर मागितला. मी बटण फिरवलं. अर्थवर ०.०८ व्होल्ट.

"आता चहा सांग," मामा म्हणाले.