शिळं पाणी

पहाटेचे चार वाजून दहा मिनिटं झालीत. पाणी यायचं पावणेपाचला, पण जाग आधीच आली, म्हणून मोरीच्या उंबऱ्यावर बसून हे खरडतेय. नळाला पाइप लावून ठेवलाय, तेवढं एक काम झालं.

काल याच वेळेला पिंपाच्या तळाशी राहिलेलं पाणी ओतत होते तर आवाजाने चिमी जागी झाली. काय करतेस आत्या? म्हटलं, शिळं पाणी ओततेय गं, ताजं भरायचंय ना. मला वाटलं आता ही म्हणणार, एवढं पाणी फेकतेस? शहापूरकडची पोर, बोलायचा हक्कच आहे तिला. तर बाईसाहेब अर्ध्या झोपेत म्हणतात, "मुंबईत अजून पाणी भरायला लागतं?" आणि कूस बदलून घोरायला लागल्या.

त्यातला तो "अजून" कालपासून डोक्यातून जात नाहीये.

दादाच्या घरी नळ आला तेव्हा सगळ्यात जास्त पेढे मीच वाटले होते, म्हणजे आनंद झाला नाही असं नाही. पण खरं लिहायचं तर मला चिमीचा हेवा वाटतोय. दहा-अकरा वर्षांच्या पोरीचा, सख्ख्या भाचीचा. ती गावी सात वाजेपर्यंत झोपते म्हणे. सात! मी तिच्याएवढी असताना सातपर्यंत माझ्या तीन खेपा व्हायच्या, डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर हंडा, कमरेला कळशी. मे महिन्यात विहीर तळाला गेली की खाली उतरून वाटीवाटीने हंडा भरायचा. मग शाळा. पहिला तास गेलेलाच असायचा, बाईंनी नंतर विचारणंही सोडलं. चौथीच्या स्कॉलरशिपच्या जादा तासांना नाव होतं माझं, तास सकाळचे, पाणीही सकाळचं. संपला विषय. चिमी बसली यंदा स्कॉलरशिपला.

आणि धरण हाकेच्या अंतरावर. 1892 पासून मुंबई तानसाचं पाणी पितेय, आमच्या आजीच्या जन्माआधीपासून. ती जाडजूड पाइपलाइन गावाजवळून जायची, उन्हाळ्यात तिला कान लावला की आत घोंऽऽ असा आवाज यायचा. व्हॉल्व्ह गळत असला की आम्ही पोरं हंडे घेऊन पळायचो, ती आमची दिवाळी. धरण उशाला न् कोरड घशाला, हे आजी उठता-बसता म्हणायची. पहिल्या पावसाचं गढूळ पाणी विहिरीत उतरलं की ग्रामपंचायतीचा माणूस जंतू मारायची टीसीएल पावडर टाकून जायचा, कधी टाकायचा, कधी नाही. बाळ्याच्या वर्षी नव्हती टाकली. असो.

रात्री झोप येईना तर हिशोब करत बसले. जलजीवनमध्ये, म्हणजे दादाकडे नळ आला त्या सरकारी योजनेत, माणशी रोज 55 लिटर धरलंय. दादाकडे चार माणसं, म्हणजे 220 लिटर. आमचा पितळी हंडा असेल पंधराएक लिटरचा. म्हणजे पंधरा हंडे रोज कोणाच्याही डोक्यावर न बसता घरात येतात. पंधरा हंडे, आणि चिमीच्या टाळूला चुंबळ माहीतच नाही. परवा मी गंमत म्हणून टॉवेलची चुंबळ करून तिच्या डोक्यावर रिकामी कळशी ठेवली तर दोन पावलांत धाडकन खाली. पोचा आला कळशीला. मी हसले, पण आत कुठेतरी बरंही वाटलं, हे एक तरी मला येतं म्हणून. किती कोतं मन असावं माणसाचं!

तसं तिकडेही सगळं गोडच आहे असं नाही, नळाला एक दिवसाआड येतं, एप्रिल सरला की धार करंगळीएवढी होते, टँकरची वाट बघणं पुरतं सुटलेलं नाही. पण ती विहिरीत उतरत नाही. तेवढं पुरे आहे ना? मला का पुरत नाही मग?

गंमत म्हणजे वहिनी आता पाणी तपासते, गावातल्या पाच बायकांना शिकवलंय त्यात ती आहे. छोट्या बाटलीत पाणी भरून ठेवायचं, एक-दोन दिवसांत काळं पडलं तर पिण्याजोगं नाही. चिमी त्यातली एक बाटली इथे घेऊन आलीये, आमच्या चाळीच्या टाकीचं पाणी भरून खिडकीत ठेवलंय. पोरगी तानसा सोडून भांडुपला येते आणि मुंबईचं पाणी तपासते! हे म्हणाले, काळं पडलं तर कोणाला सांगू नकोस, भाडं वाढवतील. आत्ताच बघितलं, अजून काळं पडलेलं नाही.

मी मुंबईला आले ते लग्न करून, आणि खरं सांगायचं तर हे मला बघायला आले तेव्हा आईने एकच विचारलं होतं, नळ घरात आहे का. घरात होता. पहाटे पावणेपाचला येतो हे कोणी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. म्हणजे हंडा गेला आणि पिंप आलं, उठायची वेळ तीच राहिली. आता हसूच येतंय लिहिताना.

फुस्स झालं, नळात हवा आली. पिंपात कालचं गुडघाभर आहे अजून. चिमी उठायच्या आत ओतून टाकते.