व्हरांड्याची बारमाही खोली करताय? आधी फरशी बघा

व्हरांडा हवा चांगली असेल तेवढे महिने वापरायचा आणि एरवी तिथे खुर्च्या रचून ठेवायच्या, आमच्याकडेही हेच चालायचं, शेवटी त्याची खोली करून घेतली. आता कुणी विचारलं की मी एकच सांगते, खिडक्यांचे कॅटलॉग नंतर चाळा, आधी खाली वाकून फरशी बघा.

व्हरांड्याची फरशी पाणी बाहेर जावं म्हणून ढाळ देऊन केलेली असते, साधारण मीटरला 2 सेंटीमीटर, म्हणजे 3 मीटरमागे 6 सेंटीमीटरचा फरक, तिथे कपाट ठेवलं तर पुढे कलणारच. फळ्यांची असेल तर खालून वारा लागतो, काँक्रीटची असेल तर जमिनीतली ओल वर येते, म्हणून लेव्हल करून, खाली जाड प्लॅस्टिक आणि त्यावर फोमच्या कडक शीट टाकूनच नवी फरशी करा. आणि त्याही आधी इंजिनिअरला पाया आणि खांब दाखवा, नुसतं छप्पर पेलणारे खांब भिंती आणि डबल काचांचं वजन पेलतीलच असं नाही. कडाक्याच्या थंडीत माती गोठून फुगते, पाया उथळ असेल तर सगळी खोली वर उचलली जाते.

छताला इन्सुलेशन, म्हणजे उष्णता अडवणारा थर, भरपूर द्या, तिथे अजिबात काटकसर नको.

काचेचं म्हणाल तर साध्या एका काचेचा यू व्हॅल्यू, म्हणजे उष्णता किती निसटते त्याचं माप, साधारण 5.8, साध्या डबल काचेचा 2.8, लो-ई कोटिंग (उष्णता परत फिरवणारा पातळ थर) आणि मध्ये आर्गॉन वायू भरलेली डबल काच घेतली तर 1.2 च्या आसपास, आणि नीट इन्सुलेशन केलेल्या भिंतीचा 0.3. आकडा जितका मोठा तितकी उष्णता जास्त निसटते, म्हणजे भारीतली काचसुद्धा भिंतीच्या चौपट गळते. म्हणून चारही बाजू काचेच्या नकोत असं माझं ठाम मत आहे, पश्चिमेला तर भिंतच बरी. फ्रेम साध्या अ‍ॅल्युमिनियमची असेल तर थंडीत आतून थेंब धरतात आणि कोपऱ्यात बुरशी येते.

फटी शोधायला वारा असेल त्या दिवशी पेटती उदबत्ती खिडकीच्या कडेने हळूहळू फिरवा, धूर जिथे अचानक आडवा होतो तिथे सील करा.

एसी किंवा हीटर सगळ्यात शेवटी घ्या, घरातलाच डक्ट ओढून नेण्यापेक्षा वेगळा इन्व्हर्टर हीट पंप (गरम आणि गार दोन्ही करणारा एसी) बरा, नाहीतर बाकीच्या खोल्यांना हवा कमी पडते. आणि बांधकामाची परवानगी आधीच घ्या, कारण कागदोपत्री तो व्हरांडाच असतो.